डावीकडून काढू नकोस

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या गणपतीच्या आरतीनंतर जेवणाच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक नुकताच आलेला मुलगा होता, कोल्हापूरचा. इथे येऊन चार महिने झालेले. भारतातल्या लायसन्सवर पहिलं वर्षभर गाडी चालवता येते म्हणून त्याने लगेच एक जुनी गाडी घेतली होती. मी नेहमी एम-१ या मोटरवेवरून, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवरून, जाते हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो म्हणाला, "ताई, पुढचा मधल्या लेनमध्ये रेंगाळत असेल आणि डावी लेन मोकळी असेल, तर डावीकडून काढली तर चालते का? पोलीस धरतात का?"

मी म्हटलं, "नको रे, उजवीकडूनच काढावी." तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि विषय राहिला. घरी येईपर्यंत मला ते टोचत होतं. "नको रे" हे काही उत्तर नाही. मला स्वतःला कुणी एवढंच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी लेस्टरला राहते आणि आठवड्यातून तीन दिवस मिल्टन कीन्सला नोकरीला जाते. जंक्शन २१ ला चढायचं, १४ ला उतरायचं. एका बाजूला पंचेचाळीस-पन्नास मैल, आणि हे आता सातवं वर्ष. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. कराड डेपोला एकतीस वर्षं काढली. त्यामुळे रस्ता, साईड, डिपर, कट हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले.

आमच्याकडे डावीकडून काढायची सवय का लागते ते आधी सांगते, कारण ही सवय वाईट माणसांची नाही. पुणे-बंगळूर हायवेवर कराडच्या आसपास डाव्या लेनमध्ये काय काय असतं आठवा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, एमएटीसारख्या जुन्या दुचाक्या, ढाब्यासमोर निम्मे रस्त्यावर उभे ट्रक, समोरून उलटी येणारी मोटरसायकल. मग भरलेला ट्रक तिथे कशाला जाईल? तो सरळ उजवी लेन धरतो आणि चाळीसच्या वेगाने पुण्यापर्यंत सोडत नाही. मागच्याने हॉर्न दिला, डिपर मारला, तरी तो हलत नाही, मग मागचा डावीकडून काढतो. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला. तिथे ट्रॅक्टर नव्हते, दुचाक्यांना बंदी होती, तीन-तीन लेन होत्या, तरी ही सवय तशीच तिथे चढली. आप्पा कराड-मुंबई गाडीवर होते तेव्हा म्हणायचे, "रस्ता नवा झाला, पण हात जुनंच हायत."

माझे हातही जुनेच होते. इथली परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले. पण त्या परीक्षेत मोटरवे नसतो. थिअरीच्या पन्नास प्रश्नांत दोनचार मोटरवेचे येतात, ते पाठ होतात. परीक्षा पास झाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे ताशी सत्तर मैलांच्या वेगाने जाऊ शकता. आता २०१८ पासून शिकाऊ लोकांनाही मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर, दुहेरी कंट्रोलच्या गाडीतून मोटरवेवर जाता येतं. मी शिकले तेव्हा ते नव्हतं.

हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, नियम साधा आहे. पुढचा रस्ता मोकळा असेल तर डाव्या लेनमध्ये राहायचं. ओव्हरटेक करायला उजवीकडे जायचं, ते झालं की परत डावीकडे यायचं. म्हणजे उजवीकडची तिसरी लेन 'फास्ट लेन' नाही आणि मधली 'नॉर्मल लेन' नाही. इथले पोलीस लेन एक, लेन दोन, लेन तीन असं म्हणतात ते मला फार आवडतं. एक ही राहायची जागा, दोन आणि तीन कामापुरत्या. आणि डावीकडून ओव्हरटेक करू नका, डावीकडून पुढे काढायला म्हणून लेन बदलू नका, हेही तिथेच लिहिलेलं आहे. गर्दी असेल, सगळ्याच लेन सारख्या वेगाने सरकत असतील, तर मात्र तुमची डावी रांग उजवीपेक्षा पुढे गेली तरी हरकत नाही, फक्त या रांगेतून त्या रांगेत घुसत राहायचं नाही.

आता कोल्हापूरच्या त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डावीकडून काढणं असा वेगळा गुन्हा कायद्यात नाही. पण तसं करताना तुम्ही हलगर्जीपणे चालवताय असं पोलिसांना वाटलं तर ते त्या कलमाखाली धरू शकतात, आणि फारच वाईट असेल तर धोकादायक ड्रायव्हिंगखालीही. ऑगस्ट २०१३ पासून हलगर्जीपणाला जागेवरच १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट लावता येतात. त्यात मधली लेन अडवून बसणाराही येतो आणि मागून अंगावर येणाराही. २०१५ मध्ये एम-६२ वर मधली लेन न सोडणाऱ्या एका व्हॅनवाल्याला कोर्टाने खर्चासकट ९४० पौंडांना बसवलं होतं, वर ५ पॉइंट. आणि नव्या लोकांनी लक्षात ठेवा, इथली परीक्षा पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स जातं. पुन्हा एल-बोर्ड लावण्यापासून सुरुवात.

पण पोलिसांच्या भीतीने मी ही सवय सोडली नाही.

पाच वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे इथे मिट्ट काळोख. दिवसभर पाऊस. मी घरी येत होते, जंक्शन १९ मागे पडलं होतं. तिथे एम-६ कडे जाणारी गर्दी निघून जाते आणि रस्ता एकदम सैल होतो. तिथून पुढे तीन लेन आणि डावीकडे हार्ड शोल्डर, म्हणजे बंद पडलेली गाडी थांबवायची कडेची पट्टी. मी डाव्या लेनमध्ये पासष्टने चाललेले. पुढे मधल्या लेनमध्ये एक चंदेरी गाडी, साठच्या आसपास, तिच्या डावीकडे अर्धा मैल कुणी नाही. उजव्या लेनमधून पाणी उडवत गाड्या जात होत्या. मी स्वतःला सांगितलं, मी कुठे ओव्हरटेक करतेय, मी तर माझ्या लेनमध्ये सरळ चाललेय, तो मागे पडतोय त्याला मी काय करू. हे वाक्य मी तेव्हा रोज स्वतःला सांगत असे.

लटरवर्थच्या फाट्याआधी निळ्या पाट्या येतात, त्यांवर पांढऱ्या तिरप्या रेघा असतात. तीन रेघा म्हणजे तीनशे यार्ड, मग दोन, मग एक. माझं नाक त्या गाडीच्या मागच्या दाराशी आलं तेव्हा तीन रेघांची पाटी गेली. बहुतेक तिच्या ड्रायव्हरला तेव्हाच कळलं की आपल्याला इथे उतरायचंय. इंडिकेटर एकदा पेटला. दुसऱ्यांदा पेटायच्या आत त्याची डावी चाकं पांढरी रेघ ओलांडून माझ्या लेनमध्ये होती. त्याच्या दाराच्या आरशावर पावसाचे थेंब चमकताना मला दिसले, इतक्या जवळ. मी हॉर्न दिला नाही, तेवढा वेळच नव्हता. स्टिअरिंग डावीकडे गेलं आणि हार्ड शोल्डरच्या कडेच्या रेघेवर असतात ते उंचवटे चाकाखाली आले. तो आवाज कानाला नव्हे, हाताच्या कोपरापर्यंत कळतो. गुर्रर्र करत गाडी शोल्डरवर गेली, मी ब्रेकवर पाय अलगद ठेवला, कारण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. ती गाडी माझ्या पुढून तिरकी होऊन स्लिप रोडवर, म्हणजे उतरायच्या रस्त्यावर, गेली. मी सरळ राहिले, वेग कमी होत होत शोल्डरवरून परत लेनमध्ये आले. शोल्डरवर त्या क्षणी एखादी बंद पडलेली गाडी उभी असती तर हा ब्लॉग लिहायला मी नसते.

घरी आल्यावर मी आप्पांना फोन केला. मला वाटलं होतं ते त्या माणसाला शिव्या घालतील. ते म्हणाले, "त्याची चूक हायच. पण त्याला डावीकडंच यायचं हुतं ना? मग तू तिथं का गेलीस?"

मला हे कळायला पुढचे दोन दिवस लागले. मधल्या लेनमध्ये बसलेल्या माणसाने डावीकडे यावं हीच तर नियमाची अपेक्षा आहे. ज्या क्षणी त्याला शहाणपण सुचेल, किंवा फाटा दिसेल, किंवा मागून कुणी डिपर मारेल, त्या क्षणी तो ज्या जागेत येणार, नेमकी तीच जागा मी धरलेली असते. आणि त्या जागेकडे त्याचं लक्ष सगळ्यात कमी. इथे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो, आपल्यासारखाच. जोरात येणाऱ्या गाड्या उजवीकडून येणार हे त्याला पक्कं माहीत, म्हणून त्याची नजर उजव्या आरशात आणि मधल्या आरशात. डाव्या खांद्यामागचा कोपरा तसाही आंधळा. जो माणूस वीस मैल मधली लेन सोडत नाही, त्याने डावा आरसा वीस मैल पाहिलेला नसतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला २७ मीटर जाते. तो मान वळवून बघेल या आशेवर मी माझा जीव ठेवला होता.

युरोपातून येणाऱ्या लॉऱ्यांचं उलटं असतं. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसलेला, त्यामुळे त्याच्या उजव्या बाजूची छोटी गाडी त्याला दिसत नाही. त्यांना उजवीकडूनच काढायचं, पण शेजारी रेंगाळायचं नाही, झटकन पुढे जायचं.

मधली लेन धरून बसणाऱ्यांबद्दल माझा राग कमी झालेला नाही. पुष्कळांना स्लिप रोडवरून येणाऱ्या गाड्यांची धास्ती असते, काहींना वाटतं लॉऱ्यांच्या रांगेत अडकू, म्हणून मधे बसलेलं बरं. काही म्हणतात मी सत्तरनेच चाललोय, त्याच्या वर कुणी जायचंच नाहीये, मग मी कुणाला अडवलं? या शेवटच्या लोकांना मला लॉरीवाल्यांचं गणित दाखवायचं असतं.

साडेसात टनांवरच्या लॉरीला मोटरवेवर कायद्याने साठ मैलांची मर्यादा, आणि तिच्यात बसवलेला लिमिटर तिला ५६ च्या वर जाऊच देत नाही. तीन किंवा जास्त लेन असतील तिथे तिला सर्वात उजव्या लेनमध्ये यायला बंदी. तीन लेनच्या रस्त्यावर तिच्या वाट्याला दोनच लेन उरतात. समजा पुढची लॉरी ५५ ने चाललीय आणि मागची ५६ ने. ताशी एका मैलाचा फरक. पुढचं-मागचं सुरक्षित अंतर धरून शंभर मीटर जास्तीचे कापायला तिला पावणेचार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दोघी साडेतीन मैल पुढे गेलेल्या असतात. आपण मागे बसून चडफडतो की हे दोघं शर्यत काय लावतायत. पण त्या ड्रायव्हरचा दिवस तासांनी मोजलेला असतो, साडेचार तास चालवल्यावर त्याला पाऊण तास थांबावंच लागतं. आता त्याच्या पुढे मधल्या लेनमध्ये ५४ ने जाणारी कार आणून ठेवा. तो उजवीकडे जाऊ शकत नाही, डावीकडून जाऊ नये. तो अडकला. तिसरी लेन मोकळी आहे म्हणून त्या कारवाल्याला वाटतं कुणाचंच काही अडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आप्पा इथे आले होते. सहासष्ट वर्षांचे, विमानाचा प्रवास पहिलाच. माझ्या डावीकडे बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. 'कीप लेफ्ट अनलेस ओव्हरटेकिंग' ही पाटी त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली आणि मला अर्थ विचारला. मी सांगितल्यावर म्हणाले, "मग ही माणसं पाटी वाचत न्हाईत का?" लेस्टर ते वॉटफर्ड गॅप सर्व्हिस, म्हणजे रस्त्याकडेचा चहापाण्याचा थांबा, एवढ्यात त्यांनी बोटांवर मोजून सतरा गाड्या काढल्या, डावीकडे लांबपर्यंत मोकळं असताना मधे बसलेल्या. एका लॉरीवाल्याला तसाच अडकलेला पाहून ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सोड की बाबा त्याला साईड."

त्यांना सगळ्यात आवडलं ते लॉऱ्यांचं एकमेकींशी बोलणं. ओव्हरटेक करणाऱ्या लॉरीचा शेवट आपल्याला पार झाला की मागची लॉरी एकदा दिवे मारते, ये आता आत, जागा आहे. ती आत येते आणि इंडिकेटर एकदा डावा, एकदा उजवा दाखवते, म्हणजे आभार. हायवे कोडमध्ये दिव्यांचा असा वापर सांगितलेला नाही, पण लॉरीवाले करतात. आप्पा हरखून गेले. "आपल्यासारखंच हाय की!" आपल्याकडे वळणावर पुढचा ट्रकवाला हात बाहेर काढून, इंडिकेटर देऊन साईड मोकळी आहे सांगतो ना, ते त्यांना आठवलं. खंबाटकी चढताना एकदा एका ट्रकवाल्याने त्यांना असा हात दाखवून थांबवलं होतं, जाऊ नको, समोर गाडी उलटलीय. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दिवशी वॉटफर्ड गॅपच्या पार्किंगमध्ये चहा पिताना पुन्हा ऐकली.

ती सर्व्हिस आणि एम-१ चा पहिला टप्पा एकाच दिवशी उघडले, २ नोव्हेंबर १९५९. मी जाते त्यातला जंक्शन १८ पर्यंतचा रस्ता त्याच पहिल्या टप्प्यातला. तेव्हा वेगमर्यादा नव्हती, मधे कठडा नव्हता. सत्तरची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये तात्पुरती म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

तर मी आता काय करते. डाव्या लेनमध्ये आहे, पुढे मधला रेंगाळतोय, असं दिसलं की शेजारी पोचायच्या खूप आधी ठरवते. आरसे, इंडिकेटर, मान वळवून खांद्यामागे नजर, मग मधल्या लेनमध्ये त्याच्या मागे दोन सेकंदांचं अंतर ठेवून. पावसात चार. तिथून पुन्हा सगळं करून तिसरी लेन. पुढे गेले, तो मधल्या आरशात पूर्ण दिसला की मधली लेन, आणि मग डावी. चार वेळा लेन बदलावी लागते. माझ्या बरोबर येणारी मैत्रीण म्हणते, एवढा मोठा वळसा घालायचा, डावीकडून सरळ गेलं तर दहा सेकंदांचं काम. तिसरी लेन भरलेली असेल तर मी वेग कमी करून डाव्या लेनमध्येच, त्याच्या मागे राहते. सत्तरऐवजी बासष्टने दहा मैल गेले तर साधारण एक मिनिट उशीर होतो. मी घड्याळ लावून बघितलंय.

डिपर मी मारत नाही. त्याने दचकून डावीकडे उडी मारावी असं मला कधीच वाटत नाही, तिथे दुसरं कुणी असू शकतं. जवळ जाऊन त्याच्या काचेला चिकटायचं तर नाहीच.

गेल्या रविवारी सकाळी त्या मुलाला म्हटलं, चल, तुझी गाडी काढ. तो चालवत होता, मी डावीकडे. वॉटफर्ड गॅपला चहा घेऊन पुढच्या जंक्शनवरून उलटे फिरलो. येताना जंक्शन १९ नंतर रस्ता सैल झाला आणि पुढे मधल्या लेनमध्ये एक गाडी दिसलीच, साठने. त्याचा हात स्टिअरिंगवर आवळला गेला. मी काही बोलले नाही. त्याने आरसे बघितले, मधल्या लेनमध्ये तिच्या मागे गेला, वाट पाहिली, तिसरी लेन, पुढे, मधली, डावी. सावकाश, सगळं नीट. मग आरशात बघत म्हणाला, "ताई, त्याला तर कळलंसुद्धा नाही आपण गेलो ते. अजून तिथेच आहे."

"हो. म्हणून तर त्याच्या डावीकडून जायचं नाही."

तो पुढे काही बोलला नाही. तीन रेघांची पाटी गेली, मग दोन. मी उजव्या आरशात बघत होते. ती गाडी फाट्याला उतरली नाही, मधल्या लेनमधूनच पुढे येत राहिली.